दोन इंच खाली

सक्करदरा

उमरडोह नकाशात सापडत नाही. छिंदवाड्याच्या पुढं, तामियाच्या जंगलात, एका नाल्यापलीकडं वनखात्याचा नाका होता. तिथं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि जवळच गोंडांची पंधरावीस घरं. वस्ती उठून कधीच दुसरीकडं गेली, नाकाही बंद पडला. माझी बायको शोभा त्या क्वार्टरात जन्मली आणि नऊ वर्षांची होईपर्यंत तिथंच वाढली. तिचे वडील तिथं नाकेदार होते, म्हणजे जंगलाचे राखणदार. आई तिथंच तापानं गेली. मग वडिलांनी नोकरी सोडली आणि दोन्ही पोरींना घेऊन नागपूर गाठलं.

आईचा एकही फोटो नाही. त्या रानात फोटो काढायला कोण येणार होतं? राहिला होता तो एक आंबा. क्वार्टरमागं आईनं कोय पुरली होती आणि रोज नाल्याचं पाणी आणून घालायचं काम शोभाकडं होतं. ते लोक निघाले तेव्हा रोप तिच्या हनुवटीला लागत होतं. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि दरवर्षी एकदा तरी ती म्हणायची, "एक डाव जाऊ न हो. आईच्या झाडाले हात लावून येऊ."

आणि दरवर्षी मी म्हणायचो, पुढच्या साली. कधी पोरांची प्रॅक्टिकल, कधी घराचं बांधकाम, कधी नुसताच आळस. मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत होतो. लोखंडाला लोखंड जोडायची मला फार घाई असायची, बायकोचं एवढंसं काम मात्र थांबू शकत होतं. गेल्या दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी आल्यावर आठवड्याभरानं ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता तरी नेता का?"

चौकशी केली. झिरी नावाच्या गावापर्यंत डांबरी रस्ता होता. पुढं अकरा किलोमीटर दगडगोट्यांची पायवाट, मधल्या पुलाच्या दोन्ही बाजू वाहून गेलेल्या. जीप जात नाही, मोटरसायकल जाते, तीही उंच पाहिजे. म्हणून मी सत्तावन्नाव्या वर्षी मानेवाड्यातल्या एका बँकवाल्याकडून दोनशे सीसीची जुनी गाडी घेतली. पुढचं चाक मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर, डांबरावरही चालेल आणि रानातही. शेजारचे देशपांडे फाटकात उभे राहून म्हणाले, "सर, रिटायर व्हायच्या वयात हे काय काढलं?" मी म्हणालो, तुम्ही गीता वाचा, मी गाडी चालवतो.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझे फार सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. घरात आजार होता आणि मी अंगणात ग्राइंडर लावून शिट्टी वाजवत होतो. शोभा खुर्ची टाकून बसायची आणि मी तिचं माप घ्यायचो. पाठ कुठं टेकते, गुडघा किती वाकतो, हात कुठं सहज पोहोचतो. जुन्या लोखंडी खुर्चीची पाठ कापून मी मागं टेका बसवला. पाय ठेवायच्या दोन बारीक दांड्यांऐवजी रुंद पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे पाऊल थरथरणार नाही. दोन्ही बाजूंना धरायला कड्या केल्या. सीटमध्ये नवा फोम भरला आणि मधोमध थोडा खोलगट ठेवला.

एकच अडचण राहिली. गाडी उंच होती. टाके घातलेल्या पोटानं तिला पाय वर टाकून बसता येत नव्हतं. मी गाडी घेऊन अश्फाक मिस्त्रीकडं गेलो. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, आमच्या घरापासून जवळच, त्याचं दुकान आहे, माझा जुना विद्यार्थी. म्हणालो, दोन इंच खाली करायची. मागच्या शॉकअपखालची जोडपट्टी मी लांब करून आणली आहे, पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकव.

त्यानं हात पुसले. "सर, एक बात सांगू का? या गाडीची उंचीच तिची ताकद हाये. खालून दगड निघून जाते न, म्हून तं लोकं घेते हे. दोन इंच खाली केली, वरून दोन माणसं, सामान. पोट टेकन तिचं."

"मॅडमचा पाय जमिनीले टेकला पाह्यजे. तिले उडी मारून नाही बसता येत आता."

"तं मंग एक छोटा स्टूल बांधून घ्या न संगं. चढासाठी, उतरासाठी. बस, झालं काम."

स्टूल! तीस वर्षं वेल्डिंग शिकवलेल्या माणसानं नागपूरहून पाठीला स्टूल बांधून निघायचं? मी त्याला म्हणालो, "तू मले शिकवू नको गा. पट्टी बसव." त्यानं मुकाट्यानं बसवली. गाडी दोन इंच खाली बसली. साइड स्टँडही मी तेवढाच कापून पुन्हा जोडला, नाहीतर गाडी उभी राहीना. मग शोभाला बोलावलं. तिनं डावा पाय जमिनीवर ठेवून उजवा सहज पलीकडं टाकला, बसली आणि हसली. तलावाभोवती आम्ही तीन चकरा मारल्या. मला वाटलं, जिंकलो.

खापा

होळी होऊन गेली होती. पहाटेच निघालो, कारण आठ वाजल्यापासून नागपूर तापायला लागतं. पहिला मुक्काम मुद्दाम जवळ ठेवला होता, शोभाच्या धाकट्या बहिणीकडं खाप्याला. मंदा दोन वर्षांची असताना आई गेली. तिला ना आई आठवते, ना नाका.

कन्हानच्या पात्रात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागल्या होत्या. शोभानं गाडी थांबवायला लावली आणि उतरून वाळूत बसली. वाडीवाल्यानं एक डांगर कापून दिलं. घरी दोन घास खाताना तोंड फिरवणाऱ्या बाईनं तीन फोडी खाल्ल्या. मी मनात त्या फोडी मोजत होतो. आजारी माणसाच्या घरात हीच एक सवय लागते.

मंदा दारातच उभी होती. गाडी पाहून तिनं कपाळाला हात लावला. "काय बाप्पा भाऊजी! ताईले या घोड्यावर बसवून नेऊन राहिले तुमी?"

"घोडा नाही वं, खेचर हाये," शोभा म्हणाली. "पाह्य न, माह्यासाठी कसं खाली बसवलं यायनं."

जेवायला मंदानं पाटोड्यांचा रस्सा केला होता, शोभासाठी वेगळी कढी आणि मऊ भात. रस्सा तिनं बोटानं चाखला आणि "मीठ कमी हाये" म्हणाली. मंदाला फार बरं वाटलं. नावं ठेवण्याइतकी ताकद अजून ताईत आहे, असं ती मला मोरीजवळ येऊन सांगून गेली.

दुपारी दोघी बहिणी पंख्याखाली पडल्या होत्या. मी टायरची हवा पाहत होतो. मंदाचा आवाज आला. "ताई, आई कशी होती वं दिसाले?"

"तुह्यासारखीच. नाक तेवढं बसकं होतं."

"मले तं काहीच नाही आठवत. मी आरशात पाह्यतो तं मलेच पाह्यतो." मग ती म्हणाली, "माह्यासाठी त्या झाडाचं काहीतरी आण. पान का होईना. देवापाशी ठेवतो."

"आणतो," शोभा म्हणाली. "पानच काय, कैऱ्या आणतो."

सकाळी निघताना मंदानं ताईच्या ओटीत नारळ घातला आणि माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली. त्या मानेत काय काय होतं ते मला कळलं. मी गाडीला किक मारून तिथून लवकर निघालो.

सौंसर, सिल्लेवानी, झिरी

सौंसरच्या पुढं पाट्या हिंदी होतात, माणसं मात्र कितीतरी वेळ मराठीच राहतात. चहाच्या टपरीवर पोहे खाल्ले. आपल्या नागपुरात पोह्यांवर तर्री ओततात, तिकडं शेव टाकून मोकळे होतात. शोभानं टपरीवाल्याला विचारलं, तर्री नाही का? तो म्हणाला, "बाई, तर्री पाह्यजे तं उलटं जा." ती खूप हसली. पोट धरून हसली आणि मग पोट दुखलं म्हणून गप्प झाली.

सिल्लेवानीच्या घाटात पळस संपत आला होता, रस्त्याच्या कडेला वाळक्या पाकळ्यांचा कचरा. वळणावर तिला पाणी द्यायला थांबलो, तर एक वानर खाली उतरलं आणि हँडलला अडकवलेली पिशवी घेऊन झाडावर. पिशवीत तिच्या गोळ्या होत्या. मी दगड उचलला. शोभा म्हणाली, "मारू नका, थांबा." तिनं मंदानं दिलेली चिवड्याची पुडी उघडून जमिनीवर पसरली आणि दहा पावलं मागं जाऊन बसली. वानर खाली आलं, पिशवी टाकून चिवड्याला लागलं. ती शांतपणे पिशवी घेऊन आली. म्हणाली, "याईच्यातच वाढलो आमी. दगड दाखवला का ते देत नाही." गोळ्या सगळ्या होत्या, पाकिटाचा एक कोपरा चावलेला.

छिंदवाड्यात त्या दिवशी थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झिरी गाठलं. तिथं सुखलाल नावाच्या माणसाकडं आमची सोय झाली, तिथल्या शाळेच्या मास्तरांनी लावून दिली. आपल्याकडं दारात पाहुणा आला की आधी आडनाव विचारतात, मग पाणी देतात. सुखलालच्या बायकोनं तांब्या पुढं केला, शोभाला बाजेवर आडवं केलं, पायांना तेल चोळलं आणि तासाभरानं विचारलं, कहाँ से आए हो?

रात्री जेवायला पेज होती, कुटकी नावाचं बारीक धान्य शिजवून केलेली पातळ कांजी, वर टमाटराची चटणी. शोभानं वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. "हे आई करे," ती म्हणाली. दोन वाट्या प्यायली. मी सुखलालच्या बायकोकडून कृती विचारून घेतली आणि डायरीत मापासकट लिहिली.

सुखलालला उमरडोहचा नाका ठाऊक होता, पण तो पाहून बरीच वर्षं झाली होती. "नाले तक चले जाओगे," तो म्हणाला. "हम लोग सुबह महुआ बीनने उधर ही जाते हैं. नाले में बड़े पत्थर हैं, देख के."

मी म्हणालो, गाडी त्यासाठीच बनवलेली आहे.

उमरडोह

पहिले नऊ किलोमीटर गाडी चांगली चालली. मी चालण्याच्या वेगानं नेत होतो. दोनदा खाली खट्‌ असा आवाज आला, पण इंजिनखाली लोखंडी ताटली होती, मी लक्ष दिलं नाही. शोभाचं लक्षच नव्हतं. ती मागून बोलत होती. इथं अस्वल पाहिलं होतं. इथं बाबांची सायकल मोडली होती. इथून आई डोक्यावर पाणी नेत होती. सत्तावीस वर्षांत ती सलग इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. हे सगळं तिनं कुणासाठी जपून ठेवलं होतं, आणि मी का नाही विचारलं, असं मनात येत होतं.

मग नाला आला.

पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण पात्रभर काळे धोंडे, एकाला एक खेटून, वीतभर, दीड वीत वर आलेले. मी शोभाला काठावर अर्जुनाच्या झाडाच्या सावलीत बसवलं. म्हणालो, आधी एकटा नेऊन पाहतो. निम्म्यात पोहोचलो. पुढचं चाक एका धोंड्यावरून चढलं, उतरलं, आणि गाडी त्या धोंड्यावर पोटावर बसली. मागचं चाक पाण्यात नुसतं फिरायला लागलं. मी जोर दिला. खालून असा आवाज आला की तो अजून माझ्या कानात आहे. इंजिन बंद करून पाण्यात हात घातला, तर ताटली वाकून आत घुसली होती आणि इंजिनचं कव्हर तडकलं होतं. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत खाली चालला होता.

मी हातानं माप घेतलं. धोंडा आणि गाडी, फरक होता दीड इंच. कारखान्यातून जशी आली होती तशी असती, तर गाडी त्याच्यावरून निघून गेली असती. मी गाडीचं माप घेतलं होतं, बायकोचं माप घेतलं होतं, आणि जिथं जायचं त्या वाटेचं घेतलं नव्हतं. अश्फाकनं सांगितलं होतं. एका स्टूलचं काम होतं ते.

मोहफुलं वेचणारी माणसं धावून आली, सुखलाल, त्याची बायको आणि तिघं जण. सगळ्यांनी मिळून गाडी उचलून अलीकडच्या काठावर आणली. मी शोभासमोर उभा राहिलो.

"नाही जात?" तिनं विचारलं.

"नाही."

"किती लांब हाये इथून?"

तिलाच ठाऊक होतं. नाला ओलांडून दीडेक किलोमीटर चढ. मी तिला पाठीवर घेऊन पाहिलं. पोटावर दाब आला आणि पाच पावलांत ती ओरडली. खाली ठेवलं. मग सुखलाल म्हणाला, "साहब, खटिया ले आते हैं गाँव से. हम चार जन हैं, आराम से ले चलेंगे बाई को." मला एकदम हुरूप आला. मी म्हणालो, चला, मीही येतो आणायला.

शोभानं माझा हात धरला. "नाही."

"काहून? चौघं हायेत, नेतील आरामशीर."

"चार जणांच्या खांद्यावर माणूस एकच डाव जाते," ती म्हणाली. "माह्यी पाळी आली का जाईन. आईच्या दारात मी तशी नाही जात."

मी खूप समजावलं. रागावलोसुद्धा. म्हणालो, हे खुळं आहे, बाज म्हणजे काय तिरडी आहे का? सुखलालच्या बायकोनंच मला थांबवलं. मराठी तिला येत नव्हती, पण तिला सगळं कळलं होतं. शोभा म्हणाली, "तुमी जाऊन या. तुमी पाह्यलं का मीच पाह्यलं. आणि मंदाले पान आणा."

इंजिनच्या तड्याला मी सोबत आणलेली, दोन पुड्या एकत्र मळून लावायची पुट्टी लावली. ती सुकायला तास लागणार होता. तेवढ्यात जाऊन येतो म्हणालो आणि बूट हातात घेऊन नाला ओलांडला.

जुनी गाडीवाट घाणेरीनं भरून गेली होती. हात ओरबाडत चढलो. क्वार्टर सापडलं. छप्पर नव्हतं, दोन भिंती होत्या, उंबरठ्याचा दगड जागेवर होता. मी त्या उंबरठ्यावरूनच आत गेलो, पडक्या भिंतीवरून नाही गेलो. मागच्या बाजूला आलो.

आंबा पडलेला होता. मुळासकट. कुठल्यातरी वादळात गेला असेल, दोनचार वर्षं तरी झाली असावीत. खोड चांगलं मोठं होतं, माझ्या कवेत मावलं नसतं. आता ते वाळवीनं मातीचं केलं होतं. मुळं होती तिथं खड्डा आणि खड्ड्यात पाला. मी खड्ड्याभोवती फिरलो, एखादा कोंब फुटला असेल म्हणून पाला उपसला. काही नव्हतं. मी खोडावर बसलो आणि रडलो. मोठ्यानं रडलो, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. पाचसहा वर्षांपूर्वी आलो असतो तर झाड उभं असतं. दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर ती पायी चढून आली असती. पुढच्या साली, पुढच्या साली.

मग मला त्या पानाची आठवण झाली. मी उठलो आणि दुसरा आंबा शोधायला लागलो. उठून गेलेल्या वस्तीच्या जागी गेलो, तिथं चिंच होती, बोरी होत्या. तिथून ओढ्याकाठानं वर गेलो. ऊन डोक्यावर आलं. पायात काटे मोडले. शेवटी एका खोलगटीत एक रानआंबा दिसला. त्याचा पाच पानांचा डहाळा मोडला, त्याला सुपारीएवढ्या दोन कैऱ्या होत्या. खाली येताना मी तिला सांगायची वाक्यं पाठ करत होतो.

तास म्हणून गेलो होतो, अडीच तासांनी परतलो. शोभा सुखलालच्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मला पाहून उठून बसली.

"हाये?"

"हाये," मी म्हणालो. "दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा झाला."

तिनं डहाळा घेतला. एक पान तोडून बोटांत चुरगळलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग कैरी नखानं खरवडून तिचाही वास घेतला. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोहोचली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बसा आता. तुमचे पाय पाहा, किती काटे रुतले."

आणि तिथं, नाल्याच्या काठावर, सेफ्टीपिननं तिनं माझे काटे काढले. दोन काटे तिला निघाले नाहीत. ते नंतर सुखलालच्या बायकोनं काढले.

पुन्हा सक्करदरा

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. तड्यातून तेल पाझरत होतं, तामियाला पक्कं काम करून घेतलं. खाप्याला मंदाला डहाळा दिला. तिनं त्यातलं एक पान देवघरात ठेवलं, बाकीचं ताईजवळ राहू दिलं.

गाडी अजून तशीच अंगणात आहे, दोन इंच खाली. अश्फाक येऊन गेला. मी त्याला म्हणालो, तुझं ऐकायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "सर, मी जोरात सांगाले पाह्यजे होतं." असा विद्यार्थी मला मिळाला, माझी लायकी नसताना.

वैशाखात शोभा अंथरुणाला खिळली. मंदा येऊन राहिली. एक दिवस दुपारी मी पेज करून वाटी घेऊन खोलीशी आलो, तर आत शोभा बोलत होती. आवाज बारीक झाला होता, पण दारात ऐकू येत होता.

"मंदे, तुह्या देवघरातलं ते पान आईच्या झाडाचं नाही वं."

"काय म्हणतं ताई?"

"आईनं शेप्या आंब्याची कोय लावली होती. त्याचं पान चुरगळलं का शेपूसारखा वास ये. मी रोज चुरगळो. यायनं आणला त्याले काहीच वास नव्हता. ना पानाले, ना कैरीले. झाड गेलं असन तिथलं."

मंदा रडायला लागली. "मंग तू तवाच काहून नाही म्हटलं भाऊजीले?"

"अडीच तास फिरले ते उन्हात. दुसरं झाड शोधत. रडून आले होते, डोळे सुजले होते. त्यायले काय म्हणू मी?" मग म्हणाली, "तुले सांगतलं, कारण देवापाशी खोटं नको. पण त्यायले नको सांगजो. त्यायले वाटू दे, मी पाह्यलं म्हून."

मी मोरीत जाऊन वाटी धरून उभा राहिलो. पेज निवली. मग ती पुन्हा गरम केली आणि आत गेलो. शोभा म्हणाली, "उशीर केला तुमी आज." मी म्हणालो, गॅस संपत आला आहे.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. तिला न्यायची तयारी झाली तेव्हा मंदाचा मुलगा खाप्याहून आला. मंदानं त्याच्याकडून एक कागदाची पुडी घेतली. देवघरातलं ते सुकलेलं पान होतं. ते तिनं ताईच्या मुठीत ठेवलं, बोटं मिटवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"आईच्या झाडाचं हाये, भाऊजी," ती म्हणाली. "संगं जाऊ द्या."

मी म्हणालो, "हो. जाऊ दे."